तिसऱ्या सिलिंडरचा ताप

फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनात पाणी नाही आणि रेडिएटरही नाही. १९३०च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांच्या कचेरीत फ्रान्झ क्सावर राइमश्पीस यांनी हे इंजिन आखले. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात युरोपातील कडाक्याच्या हिवाळ्यात पाणी गोठून तडे जाण्याचे भय नव्हते. १९३८ ते २००३ या काळात दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक बीटल तयार झाल्या. तरीही या यशस्वी इंजिनाला एक जुनाट दुखणे होते, आणि त्याच्या निदानाचा इतिहास विज्ञानाच्या विद्यार्थ्याने वाचावा असा आहे.

इंजिनाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन सिलिंडर आडवे बसवलेले असत. वरच्या पत्र्याच्या कवचात एक पंखा फिरे आणि त्याचा झोत सिलिंडरांच्या पातळ धातूच्या पाकळ्यांवरून वाहून उष्णता घेऊन जाई. हा पंखा डायनामोच्या दांड्यावर बसवलेला होता आणि दोन्ही एकाच पट्ट्यावर फिरत. गाडीत तापमान दाखवणारा काटा नव्हता. पण चालत्या गाडीत डायनामोचा लाल दिवा लागला, तर पट्टा तुटून पंखाही थांबला असण्याची शक्यता मोठी. म्हणून जाणता चालक तो दिवा दिसताच गाडी थांबवी.

पट्टा तुटला किंवा सैल झाला, तर चारही सिलिंडर तापतात. इंजिनाभोवतीचे रबरी आवरण निघाले, तर खालची गरम हवा पुन्हा पंख्यात ओढली जाते, आणि तिचाही त्रास साऱ्यांना होतो. परंतु बीटलमध्ये वारंवार बिघडे तो तिसरा सिलिंडर. त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळे. कधी त्याचे डोके तुटून पिस्टनवर पडे आणि भर रस्त्यात इंजिनाचा चुराडा होई. अशा वेळी सगळ्या इंजिनाला दोष देत तेल बदलत राहणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. सगळ्यांना ताप आला, तर कारण सामाईक. एकालाच आला, तर कारण त्याच्या आसपास शोधावे लागते.

हे दुखणे आधी ओळखण्याची खूण टॅपेटच्या फटीत होती. नंतरच्या इंजिनांत ती थंड स्थितीत ०.१५ मिलिमीटर ठेवत. रॉकरच्या झिजेने फट वाढते. पण व्हॉल्व्ह तापून लांबू लागला किंवा आपल्या बैठकीत रुतू लागला, तर ती कमी होते. दर तपासणीत तिसऱ्याच एक्झॉस्ट व्हॉल्व्हची फट घटलेली आढळली, तर तो व्हॉल्व्ह मोडण्याच्या वाटेवर आहे हे जाणकार कारागीर ओळखे. अंशांत तापमान न मोजताही मिलिमीटरच्या शतांशांवरून उष्णतेचा माग लागत असे.

मूळ कारण पत्र्याच्या कवचात दडलेले होते. तेल थंड करणारा ऑइल कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेतच उभा होता. त्यामुळे त्या सिलिंडरला हवा कमी मिळे, आणि मिळे तीही तेलाच्या उष्णतेने आधीच तापलेली. कंपनीने प्रथम डिस्ट्रिब्यूटरमध्ये अशी योजना केली, की तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी इतरांपेक्षा काही अंश उशिरा पडावी. त्याने भार हलका झाला, पण अडथळा जागीच राहिला. १९७१च्या मॉडेलपासून कूलर मुख्य झोतातून बाजूला काढण्यात आला, त्याला हवेची स्वतंत्र वाट मिळाली आणि पंखाही रुंद करण्यात आला. त्या नव्या कप्प्याच्या आकारावरून कारागीर त्याला ‘डॉगहाउस’ म्हणू लागले.

भारतातील असंख्य मोटारसायकली आजही अशाच पाकळ्यांच्या भरवशावर धावतात. पाकळ्यांत चिखल साचला, की तेवढ्याच भागाची हवा अडते आणि तेवढाच भाग अधिक तापतो. संपूर्ण इंजिनाचे सरासरी तापमान ही गोष्ट लपवू शकते. म्हणून इंजिन किती तापले, या प्रश्नाला नेमके कोठे तापले, या प्रश्नाची जोड द्यावी लागते.