पाठीमागे इंजिन : एक्झॉस्टच्या उष्णतेचा थोडा इतिहास

मे महिन्यात नरखेड स्टेशनवरून शेअर रिक्षानं गावाकडे निघालात तर एक गोष्ट लगेच जाणवते. ऊन डोक्यावर असतं, पण मागच्या सीटवर गरम झळ येते ती खालून. बजाजनं मागे इंजिन असलेली रिक्षा १९७७ मध्ये आणली. त्याआधीच्या रिक्षात इंजिन पुढे असायचं. आजही मॉडेलच्या नावात 'आरई' लिहितात, ते 'रिअर इंजिन'चंच लघुरूप. रिक्षा आणि इटलीची स्पोर्ट्स कार यांचा संबंध काय, असं वाटेल. पण इंजिन माणसाच्या पाठीमागे नेलं की जो त्रास सुरू होतो, तो दोघांचा एकच.

आधी स्पोर्ट्स कारकडे जाऊ. जॅक ब्रॅबमनं १९५९ मध्ये कूपर गाडीवर फॉर्म्युला वनचं अजिंक्यपद जिंकलं. त्या गाडीचं इंजिन चालकाच्या मागे होतं. वजन मधोमध आलं की गाडी वळणावर चटकन फिरते, हे सगळ्यांना पटलं आणि काही वर्षांत पुढे इंजिन असलेल्या रेसिंग गाड्या संपल्या. रस्त्यावरच्या गाड्यांत ही मांडणी गाजवली ती १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिउरानं. बारा सिलिंडरचं व्ही इंजिन, तेही आडवं, सीटच्या लगेच मागे. आता गंमत बघा. एक्झॉस्ट दोन्ही बाहेरच्या बाजूंना. इंजिन आडवं असल्यामुळे त्यातली एक बाजू थेट प्रवाशांच्या पाठीकडे आली! मागच्या खिडकीवर काचेऐवजी झडपांसारख्या पट्ट्या आहेत. दिसायला छान आहेतच, पण त्यातून गरम हवा वर निघून जाते.

पुढे इंजिन असेल तर गाडी धावताना समोरची हवा एक्झॉस्टवर आपोआप येते. मागे असेल तर ती हवा आधी माणसांना वळसा घालून जाते. आणि गाडी थांबली की परिस्थिती आणखी बिघडते. पंखा बंद, पाणी फिरायचं थांबलेलं, पण तापलेलं लोखंड तापलेलंच. त्यामुळे इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं कप्प्याचं तापमान उलट वाढतं. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं आणि गाडी परत सुरू होत नाही. टोयोटानं १९८४ च्या एमआर-२ मध्ये इंजिनच्या कप्प्यासाठी वेगळा पंखा दिला, तो याच कारणानं.

इथे थोडं गणित करू, कारण 'उष्णता कमी करायची' हे वाक्य संशोधनाच्या प्रस्तावात फार ढिलं आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा एक्झॉस्टमधून जातो. तो नाहीसा करता येत नाही. प्रश्न एवढाच की तो कुठे आणि कसा जाऊ द्यायचा. ६०० अंश सेल्सिअसचा काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ३३ किलोवॅट प्रारण फेकतो, ४०० अंशांचा फक्त साडेअकरा. तापमानाचा चौथा घात म्हणतात तो हा. आता पाइप आणि भिंत यांच्यामध्ये, दोन्हीकडे फट ठेवून, एक चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा उभा करा. पाइप आणि भिंतीची उत्सर्जकता ०.८ आणि पत्र्याची ०.०५ धरली, तर समांतर पृष्ठभागांच्या सूत्रानुसार भिंतीकडे जाणारं प्रारण सुमारे २७ पट घटतं. एक पत्रा! पण फट हवी. पत्रा पाइपला टेकला की वहनानं सगळं पुन्हा पलीकडे. आणि पत्रा मळला, गंजला, तर उत्सर्जकता वाढून तो पूर्वीइतक्या कामाचा राहत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पाइपला कापडी पट्टी गुंडाळणं. जुन्या काळी ॲस्बेस्टॉसची, आता काचतंतूंची. जुन्या गाड्या सांभाळणारे हौशी लोक हे आवडीनं करतात. कप्पा थंड होतो हे खरं, पण पाइपचा धातू आधीपेक्षा जास्त तापतो. वरून पट्टीत ओल अडकली की तो आतल्या आत गंजतो. माझं मत विचाराल तर आधी पत्रा, नंतर पट्टी.

पत्र्याची कल्पना कुठवर गेली? १९९२ च्या मॅक्लारेन एफ-वनमध्ये इंजिनच्या कप्प्याला सोन्याचा पातळ वर्ख लावला होता. श्रीमंतीचा दिखावा म्हणून नव्हे. सोनं अवरक्त प्रारण उत्तम परावर्तित करतं आणि काळं पडत नाही.

उलट टोकाला पॉन्टियाक फिएरो. १९८४ च्या गाड्यांत कनेक्टिंग रॉड तुटून तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडायचं आणि आग लागायची. कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि १९८८ नंतर मॉडेलच बंद झालं.

आपल्याकडे मागे इंजिन असलेली सगळ्यांत गाजलेली गाडी म्हणजे नॅनो. स्पोर्ट्स कार नव्हे, पण ६२४ सीसीचं इंजिन मागच्या सीटच्या पाठीशी. मार्च २०१० मध्ये मुंबईत शोरूममधून घरी नेतानाच एका नव्या नॅनोनं पेट घेतला. कंपनीनं चौकशी करून सांगितलं की मूळ रचनेत दोष नाही. बाहेरून बसवलेली विजेची उपकरणं किंवा एक्झॉस्टवर राहिलेली परकी वस्तू, अशी कारणं आहेत. तरी नोव्हेंबर २०१० मध्ये एक्झॉस्ट आणि विजेच्या यंत्रणेला जादा संरक्षण मोफत द्यायचं ठरलं. त्याच महिन्यात देशभरात फक्त ५०९ नॅनो विकल्या गेल्या. कर्ज मिळण्याची अडचण वगैरे कारणंही होती, सगळा दोष आगीवर टाकणं चूक होईल. पण ज्या कुटुंबानं स्कूटर सोडून पहिली चारचाकी घ्यायचं ठरवलं होतं, त्यांच्या मनात एकदा भीती बसली की चौकशीचा अहवाल कोण वाचतो?

आता माझी फजिती. एका जुन्या इंजिनवर पत्रा बसवून मी अवरक्त थर्मामीटरनं मोजलं. आकडा ५४ अंश. खुश होऊन आलेखही काढला. गाइडनी विचारलं, "उत्सर्जकता किती ठेवलीस?" मी ०.९५ ठेवली होती, कंपनीनं दिलेली तशीच. थर्मोकपल चिकटवलं तर १४० अंश! चकचकीत पत्रा स्वतःचं प्रारण कमी फेकतो, त्यामुळे बंदुकीला दिसत होतं ते बरंचसं खोलीचं प्रतिबिंब. म्हणजे पत्रा जितका चांगला, तितकी माझी मोजणी खोटी. मग पत्र्यावर रुपयाएवढा ठिपका उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगानं रंगवला आणि सगळं पुन्हा मोजलं. इंजिन बंद केल्यानंतरची पंधरा मिनिटंसुद्धा, जी पहिल्या वेळी मी मोजलीच नव्हती.