काळ्या पाण्याचा कालवा

आपल्याकडे आकाशकंदील लागतात, त्याच सुमारास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शिडांच्या नौका दक्षिणेला निघतात. थंडी मागे टाकायची आणि फ्लॉरिडाचे ऊन गाठायचे. खवळलेला अटलांटिक टाळून खाड्या, नद्या, कालवे यांतून जाणारी ही वाट. तिचा शून्य मैल व्हर्जिनियातल्या नॉरफोकपाशी धरतात.

या जलमार्गाचा इतिहास वाचताना मी दर वेळी अडतो तो ग्रेट डिस्मल स्वॅम्पच्या कालव्यापाशी. तिथले पाणी कोऱ्या चहासारखे. दलदलीतल्या झाडापाल्याचा तो रंग. १७९३ साली खोदाई सुरू झाली, १८०५ साली कालवा खुला झाला. खणणारे बहुतेक भाड्याने आणलेले गुलाम. कमरेएवढ्या चिखलात उभे राहून मुळे तोडायची, आणि मजुरी मालकाच्या खिशात!

याच पाण्यावर मोझेस ग्रँडी नावाचा गुलाम मालवाहू नावांचा तांडेल होता. स्वातंत्र्यासाठी त्याने मालकाला ६०० डॉलर मोजून दिले. मालकाने ते घेतले आणि त्याला दुसऱ्याला विकले. दुसऱ्यालाही ६०० दिले. त्यानेही दगाच दिला. तिसऱ्या खेपेस ६५० फेडले, तेव्हा कुठे सुटका झाली.

१८४३ साली लंडनमध्ये त्याची कहाणी छापली गेली. विक्रीचे पैसे गुलामीत राहिलेल्या नातलगांसाठी होते. पहिल्या बायकोला त्यांचा उपयोग नव्हता. लग्नाला जेमतेम आठ महिने झाले असतील, तोच तिला विकून इतर गुलामांबरोबर नेले. ती त्याला पुन्हा कधी दिसली नाही.