फॉरमॅट मारणारे आणि आत बघणारे

आजचा भाग मी थेरगावातल्या आमच्या घरातूनच रेकॉर्ड केलाय. मध्येच डांगे चौकाकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी मजकूर.

झालं असं, की गेल्या महिन्यात पप्पांनी विचारलं, "अरे, कॉम्प्युटरचा अँटीव्हायरस संपला म्हणतोय. तोच परत घेऊ का दुसरा बघू?" दोन मिनिटांत उत्तर देता आलं असतं. पण आमच्या घरात या प्रश्नामागे एक जुनं दुखणं आहे.

साल २००९. आमच्या आजीची पंच्याहत्तरी झाली होती. सगळे केजुबाईला गेलो, पवनेच्या काठावर आजीला मध्ये बसवून फोटो काढले. ते फोटो फक्त घरच्या कॉम्प्युटरवर होते. सीडी करायची राहून गेली. मग मी कॉलेजच्या प्रोजेक्टची प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह घेऊन गेलो आणि तोच घरी येऊन लावला. दुसऱ्या दिवशी सगळे फोल्डर गायब. त्यांच्या जागी त्याच नावाच्या, फोल्डरसारख्या दिसणाऱ्या छोट्या छोट्या फाइली. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पाच मिनिटं बघून सांगितलं, "व्हायरसने खाल्लं सगळं. फॉरमॅट मारावा लागेल." मारला. पुढच्या वर्षी आजी गेली.

काही वर्षांनी मला कळलं, की त्या जातीचा व्हायरस काहीच खात नसे. तो फक्त खरे फोल्डर लपवायचा आणि स्वतः त्यांचं रूप घेऊन बसायचा. एका ओळीच्या कमांडने ते परत दिसू लागायचे. म्हणजे आजीचे फोटो आम्ही डिस्क दुकानात देईपर्यंत तिथेच होते. व्हायरसने ते लपवले होते. पुसले आम्ही.

म्हणून आज जरा इतिहास बघू. कारण या गोष्टीतला एक मोठा धागा आपल्या पुण्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानातूनच जातो.

पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस १९८६ चा, नाव 'ब्रेन'. बनवला लाहोरच्या दोन भावांनी, बासित आणि अमजद फारूक अल्वी यांनी. तेव्हा इंटरनेट घराघरात नव्हतं. व्हायरस फ्लॉपीवरून फिरायचा. कॉम्प्युटर सुरू होताना डिस्कचा पहिला भाग वाचतो, त्याला बूट सेक्टर म्हणतात. हे व्हायरस नेमके तिथे जाऊन बसायचे. फ्लॉपी आत विसरून मशीन चालू केलं, की झालं काम. मग आला 'मायकेलअँजेलो'. हा वर्षभर गुपचूप बसायचा आणि ६ मार्चला मशीन चालू केलं की डिस्कवरचा डेटा उडवायचा. १९९२ च्या त्या तारखेला जगभरच्या वर्तमानपत्रांनी धास्ती घेतली होती.

याच काळात पुण्यात कैलाश काटकर नावाचे एक तरुण कॅल्क्युलेटर आणि तसली यंत्रं दुरुस्त करत होते. शिक्षण दहावीपर्यंत. १९८५ च्या सुमारास एका दुरुस्तीच्या दुकानात महिना ४०० रुपयांवर लागले, पुढे मंगळवार पेठेत स्वतःचं छोटं दुकान टाकलं. कॅल्क्युलेटरवरून ते कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकत होते. दुकानात एक गोष्ट सारखी दिसायची. मशीन नीट करून दिलं, की काही दिवसांनी तेच गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन परत. यंत्र बिघडलेलंच नसायचं, आत व्हायरस असायचा.

आता बघा, धंदा म्हणून हे सोपं होतं. दर वेळी फॉरमॅट मारा, पैसे घ्या. पण संजय यांनी व्हायरस उघडून तो काय करतो ते बघायला आणि तो काढायची छोटी साधनं लिहायला सुरुवात केली. त्यातूनच १९९५ च्या सुमारास डॉसवर चालणारा 'क्विक हील' बाजारात आला. कंपनीचं नाव तेव्हा कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं. २००७ मध्ये ते क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. 'बरं करणे' हाच अर्थ नावात आहे, आणि तो दुरुस्तीवाल्यालाच सुचू शकतो, असं मला वाटतं.

आता स्पायवेअर. २००० च्या आसपास घरोघरी इंटरनेट येऊ लागलं आणि फुकट सॉफ्टवेअरबरोबर न मागितलेले टूलबार, जाहिराती, तुम्ही काय बघता ते टिपणारे प्रोग्रॅम यायला लागले. गंमत म्हणजे अँटीव्हायरसवाले सुरुवातीला याला हात लावायला कचरत. कारण तुम्ही 'आय अ‍ॅग्री' दाबलेलं असायचं! म्हणजे चोर घरात शिरला होता, पण दार आपणच उघडलेलं. म्हणून वेगळी साधनं आली. 'अ‍ॅड-अवेअर' १९९९ मधलं, पाठोपाठ 'स्पायबॉट'. त्या काळात घरच्या पीसीवर एक अँटीव्हायरस आणि एक अँटीस्पायवेअर अशी जोडी असायची. २००४ च्या शेवटी मायक्रोसॉफ्टने 'जायंट' ही अँटीस्पायवेअर कंपनी विकत घेतली. त्यातून विंडोज डिफेंडर झालं आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ते पूर्ण अँटीव्हायरस म्हणून आतच मिळू लागलं.

आणि आपण काय करत होतो? खरं सांगा. आमच्या मित्रमंडळीत अँटीव्हायरस निवडायचा एकच निकष होता: 'क्रॅक कुणाचा मिळतो?' राखणदार आणायचा, तोही चोरबाजारातून. त्या क्रॅकमध्येच ट्रोजन असायचा हे नंतर कळलं.

बरं, राखणदारावर तरी डोळे झाकून विश्वास ठेवावा का? जगभर वापरला जाणारा फुकटचा 'अव्हास्ट' घ्या. त्याची 'जंपशॉट' नावाची उपकंपनी वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकत होती. जानेवारी २०२० मध्ये हे बाहेर आलं, उपकंपनी बंद झाली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अव्हास्टला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. स्पायवेअर अडवायला ठेवलेलाच हेरगिरी करत होता.

दुसरा धडा मे २०१७ चा. 'वॉनाक्राय' रॅन्समवेअरने जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले. तो ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने लोक 'रिमाइंड मी लेटर' दाबत बसले. आणि हे लांबचं समजू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवरही रॅन्समवेअरचा हल्ला झाला.

तर पप्पांना मी काय सांगितलं? आधी अँटीव्हायरस बाजूला ठेवा, विंडोज बघा. त्यांच्याकडे विंडोज १०, ज्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीनवर ११ चालत होतं, ते टाकलं. ते वीजबिल भरतात, यूट्यूब बघतात, नातेवाइकांचे फोटो साठवतात. एवढ्याला आतलंच डिफेंडर पुरतं, फक्त चालू आणि अपडेटेड हवं. विकतचा घ्यायचा तर कारण हवं, म्हणजे मुलांवर लक्ष ठेवायची सोय किंवा अडलं तर आपल्या भाषेत बोलणारा माणूस. घेण्याआधी जर्मनीची एव्ही-टेस्ट किंवा ऑस्ट्रियाची एव्ही-कम्पॅरेटिव्हज या प्रयोगशाळांचे निकाल बघा. दोन अँटीव्हायरस एकत्र चालवू नका, ते एकमेकांशीच भांडतात आणि मशीन रडतं. क्रॅक तर नकोच.

आणि सगळ्यात आधी आम्ही एक बाहेरची हार्ड डिस्क आणली. महिन्यातून एकदा फोटो तिच्यावर उतरवायचे आणि केबल काढून कपाटात ठेवायची. लावून ठेवली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालेल.

पप्पा ऐकून म्हणाले, "हे २००९ ला कुणी सांगितलं असतं तर!" मी काहीच बोललो नाही. त्या दिवशी दुकानात मीही शेजारीच उभा होतो, आणि 'आत एकदा बघा ना' एवढं म्हणायला मलाही सुचलं नव्हतं.

तुमच्या घरी असा कॉम्प्युटर असेल, तर आज रात्री फोटोंची एक प्रत करा. भेटू पुढच्या भागात.