तीन बाळं, आणि डेटा काय सांगतो

द्रव-श्वसनाचा इतिहास बहुतेक जण १९६६ च्या उंदरांपासून सुरू करतात. लेलँड क्लार्क आणि फ्रँक गोलान यांनी ऑक्सिजन मुरवलेल्या फ्लुरोकार्बनमध्ये उंदीर बुडवले, आणि ते त्यातच श्वास घेत राहिले. चित्र भारी आहे, मान्य. पण अकाली जन्मलेल्या बाळांशी याचा काय संबंध, ते कळायला १९२९ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी कर्ट फॉन नीरगार्ड यांनी दाखवलं की फुप्फुस हवेऐवजी द्रवाने फुगवलं तर दाब बराच कमी लागतो. हवा आणि ओला पृष्ठभाग भेटतात तिथे पृष्ठताण असतो. द्रव भरला की ती सीमाच उरत नाही. या कामाकडे अनेक वर्षं फारसं कुणी पाहिलं नाही. मग १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी दाखवलं की श्वास न घेता येऊन दगावणाऱ्या अकाली बाळांच्या फुप्फुसात पृष्ठताण कमी करणारं सर्फॅक्टंट पुरेसं नसतं. वायुकोश दर उच्छ्वासाला मिटतात आणि ते पुन्हा उघडता उघडता बाळ थकतं. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा पॅट्रिक याच आजाराने ३९ तासांत गेला.

आता वाटा दोन: सर्फॅक्टंट बाहेरून द्या, नाहीतर फुप्फुसातून हवाच काढून टाका. दुसरी वाट फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात थॉमस शॅफर यांनी धरली. वर्षानुवर्षं अकाली जन्मलेल्या कोकरांवर काम केलं, आणि १९८९ मध्ये त्यांच्या गटाने माणसाच्या बाळावरचा पहिला अनुभव छापला. (त्याच वर्षी ‘द अॅबिस’ सिनेमात द्रवात श्वास घेणारा उंदीर दिसला. लोकांना तोच आठवतो.)

एकूण तीन बाळं. तिघंही मरणाच्या दारात, बाकी सगळे उपाय संपलेले. काही मिनिटांपुरता द्रव फुप्फुसात आत-बाहेर केला. फुप्फुसाचा ताठरपणा कमी झाला, सुधारणा नंतरही थोडा वेळ टिकली. तिन्ही बाळं पुढे दगावली.

आता हा डेटा कसा वाचायचा? मृत्यूंवरून उपचार फसला असं म्हणता येत नाही, कारण बाळं आधीच हातची गेलेली होती. सुधारणेवरून जीव वाचतील असंही म्हणता येत नाही. असा पेपर हाती आला की निकालांच्या तक्त्याआधी ‘कोणते रुग्ण घेतले’ तो परिच्छेद वाचा. सगळी मर्यादा तिथे लिहिलेली असते.

आणि पहिली वाट तोवर पुढे निघून गेली होती. जपानमध्ये फुजिवारा यांनी १९८० मध्येच १० बाळांना सर्फॅक्टंट देऊन दाखवलं होतं. १९९० मध्ये अमेरिकेत कृत्रिम सर्फॅक्टंटला परवानगी मिळाली. ते वापरायला कितीतरी सोपं. ते नाकारून कुणावर द्रवाची ट्रायल करणार? म्हणून १९९६ च्या अभ्यासात, जिथे फुप्फुसात थोडा परफ्लुब्रॉन भरून वरून नेहमीचा व्हेंटिलेटर चालवला, तिथे पुन्हा सर्फॅक्टंटनेही न सुधारलेली बाळंच आली. १३ बाळं, तुलनेला गट नाही. ऑक्सिजन झपाट्याने वाढला, काही जगलीही. पण कशामुळे जगली, ते ठामपणे सांगायची सोय नव्हती.

तुलनागट असलेली मोठी ट्रायल झाली ती प्रौढांवर. २००६ मध्ये छापलेल्या निकालात ३११ रुग्ण होते: नेहमीच्या व्हेंटिलेटरवर मृत्यू १५ टक्के, परफ्लुब्रॉनच्या कमी डोसला सुमारे २६, जास्त डोसला १९. त्यांची फुप्फुसं वेगळी, आजारही वेगळा. तरी या उपचाराचा जोर ओसरला. पूर्ण द्रव-श्वसनाचे व्हेंटिलेटर त्यानंतरही बनले, कॅनडात शेरब्रुक विद्यापीठात. ते वापरले गेले पुन्हा प्राण्यांवरच.