बारा आण्यांचा मसाला

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने मोटार पाहिली नसणार हे उघड आहे. तरी जुन्या आलिशान मोटारीचे इतके नेमके वर्णन मला दुसरीकडे कोठे आढळले नाही. मी इतिहास शिकवणारा शाळामास्तर. मोटारीपेक्षा तिच्या धन्यांकडे माझे लक्ष अधिक. आणि धन्यांतही पहिल्यापेक्षा दुसऱ्याकडे.

पहिल्या धन्याचा इतिहास सर्वांना ठाऊक असतो. मुंबईच्या रस्त्यावर मोटारी आल्या त्या 1898 साली, आणि त्या पहिल्या मालकांत जमशेदजी टाटा होते. पुढे संस्थानिकांनी तबेले मोकळे करून मोटारखाने बांधले. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांची 1936 सालची मेबॅक दसऱ्याच्या सोहळ्यात पाहायला आजही गर्दी लोटते. या घराण्यांना मोटार जड गेली नाही, कारण त्यांच्या दारी आधीच हत्ती झुलत होते. हत्तीबरोबर माहूत येतो, चारा येतो, हे त्यांच्या कारकुनांना शिकवावे लागत नव्हते.

दुसरा धनी जन्माला आला तो टंचाईतून. 1928 साली जनरल मोटर्सने शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याहून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. पण देशातच सुटे भाग बनवण्याची ज्यांची तयारी नाही त्यांना येथे थारा नाही, असे धोरण 1953 साली ठरले आणि शिवडीचा कारखाना बंद पडला. बाहेरून मोटार आणणे दुरापास्त झाले. मग त्या थोराड अमेरिकन गाड्या एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात फिरू लागल्या. त्यांचे सुटे भाग चोरबाजारात मिळत. न मिळाले तर मिस्त्री लेथवर घडवून देई. गाडी जुनी होती, पण तिचे पोट उघडे होते आणि आत काय आहे ते मिस्त्रीला दिसत होते.

1991 नंतर वारे फिरले. 1995 साली पिंपरीला मर्सिडीज जुळू लागली. 2009 साली ती चाकणच्या नव्या कारखान्यात गेली. 2007 साली चेन्नईजवळ बीएमडब्ल्यू आणि औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, ऑडी आली. कर्ज सोपे झाले. पहिला धनी चार-पाच वर्षांत कंटाळतो, नवा नमुना घेतो आणि जुनी गाडी बाजारात सोडतो. म्हणूनच परवापर्यंत ज्या गाडीकडे रस्त्याच्या कडेने पाहायचे, ती आज साध्या नव्या मोटारीच्या भावात दारी येऊ शकते. मोह पडतो तो येथे.

या मोहाचे एक चांगले ठिकाण म्हणजे वाशीचे एपीएमसी मार्केट. मुंबईच्या दाटीतून कांदा-बटाटा बाजार 1981 साली येथे आला. मग मसाला आणि धान्य, आणि 1996 साली फळे व भाजीपाला. वाशीचे परिवहन कार्यालयही बरीच वर्षे याच वस्तीत होते. पहाटे मालमोटारींच्या रांगेत शिरलेली एखादी काळी चकचकीत जर्मन गाडी येथे नवलाची नाही. आडत्याची पत जितकी हिशेबाच्या वहीत असते तितकीच दारातल्या गाडीत असते, असे मानणारे येथे पुष्कळ आहेत.

माझा एक विद्यार्थी याच बाजारात गाळा चालवतो. त्याचे वडील साताऱ्याकडून आलेले माथाडी कामगार. 1969 च्या माथाडी कायद्याने ज्यांच्या घामाला नोंदवही आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला त्या पिढीतले. ज्या गाड्यांना वाट देत त्यांनी आयुष्यभर पोती वाहिली, तसल्या गाडीत त्यांना बसवावे, अशी मुलाची इच्छा. नवी असताना साठ लाखांची असलेली एक गाडी चौदा लाखांत मिळत होती. त्यासाठी वडिलांच्या निवृत्तीच्या पैशाला हात लावावा लागणार होता, आणि तो पैसा गावच्या घराच्या स्लॅबसाठी ठेवलेला होता. "सर, तुम्ही बाबांना समजवा," म्हणून तो मला घेऊन गेला. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "गुरुजी, पोतं उचलाय हात पुरत्यात, पर न्यायला पाठ लागतिया."

जुन्या मोटारीचे सारे अर्थशास्त्र या वाक्यात आहे. गाडीचा भाव वयाबरोबर उतरतो, सुट्या भागांचा उतरत नाही. चौदा लाखांच्या गाडीला तिचा बिघाड मात्र साठ लाखांच्या गाडीचाच होतो. काही गाड्या स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्यांवर तरंगतात. वयाने रबराला चिरा पडतात, हवा झिरपते, ती भरून काढता काढता पंपही जळतो. सकाळी पाहावे तो गाडी एका बाजूने बसलेली. आपोआप गिअर बदलणाऱ्या पेटीतले तेल जन्मभर पुरते, असे पुष्कळांना सांगितलेले असते. पण अशा पेट्या बनवणारा झेडएफ हा जर्मन कारखानाच ते ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या नळ्यांचे प्लॅस्टिक उष्णतेने ठिसूळ होते. वायरींचे जाळे तर असे की, एका दिव्याच्या दोषासाठी संगणक जोडावा लागतो. येथे लेथवाला मिस्त्री हात टेकतो. शिवाय विमा आहेच: दीड हजार सीसीवरील मोटारीच्या नुसत्या तृतीय-पक्ष विम्याचा 2022 साली ठरलेला दर वर्षाला 7,897 रुपये होता, आणि संपूर्ण विमा याच्या कितीतरी वर जातो.

आमच्या मुलखात आणखी एक वैरी आहे, तो पाऊस. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो मोटारी बुडाल्या. पाणी दाबले जात नाही. ते इंजिनात शिरल्यावर कोणी चावी फिरवली तर आतला पोलादी दांडा वाकतो. बुडालेली गाडी पुसूनपासून पुन्हा विकायला उभी राहू शकते. म्हणून सीटचा पट्टा मुळापर्यंत ओढून पाहावा, पायाखालचा गालिचा उचलावा, सीटखालच्या लोखंडाचा गंज पाहावा. धान्यबाजारात पोत्यात टोकदार नळी खुपसून मधला दाणा काढतात. वरच्या दाण्यावर भाव कोणी करत नाही. मोटारीला निराळा न्याय का असावा?

कागदांचेही तसेच. गाडी विकली तरी नोंदवहीतले नाव बदलेपर्यंत अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकाच्या अंगावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितले आहे. नोंदणी पंधरा वर्षांची. मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. कर्जाचा बोजा उतरला की नाही, हेही पाहायचे.

माझ्या विद्यार्थ्याने ती चौदा लाखांची गाडी पाहताना पट्टा ओढला. शेवटच्या हातभर कापडावर वाळलेल्या चिखलाची रेघ होती. तो काही न बोलता परतला. पुढे सहा महिन्यांनी त्याने नऊ लाखांची, साध्या स्प्रिंगांची पेट्रोल गाडी घेतली, दुरुस्तीच्या सगळ्या पावत्या एका धन्याच्या नावच्या. तीन लाख रुपये खास मसाल्यासाठी बँकेत निराळे ठेवले. निवृत्तीच्या पैशाला हात लागला नाही.

गावचा स्लॅब या वैशाखात पडला. वाळू-सिमेंटाचा भाव करायला म्हातारा त्याच गाडीतून साताऱ्याला गेला. पुढच्या सीटवर, काच खाली करून.