लातूर भूकंपग्रस्तांचे उपचारात्मक पुनर्वसन

लातूर भूकंपग्रस्तांचे उपचारात्मक पुनर्वसन म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात जखमी, अपंग किंवा मानसिकदृष्ट्या आघातग्रस्त झालेल्या व्यक्तींना पुन्हा स्वावलंबी करण्यासाठी आवश्यक असलेली उपचारसेवा होय. हा भूकंप मराठवाड्यातील लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) या जिल्ह्यांत झाला. भौतिकोपचार म्हणजे फिजिओथेरपी, व्यवसायोपचार, कृत्रिम अवयव व साहाय्यक साधने आणि मनोसामाजिक आधार हे या सेवेचे प्रमुख घटक आहेत. घरे बांधून देण्याच्या पुनर्वसनाची चर्चा मोठ्या प्रमाणावर झाली. त्या तुलनेत शरीर व मन यांच्या पुनर्वसनाची चर्चा कमी झाली.

## संज्ञा

मराठीत ‘पुनर्वसन’ हा शब्द मुख्यतः विस्थापितांना नव्या जागी वसविणे या अर्थाने वापरला जातो. वैद्यकशास्त्रात याच शब्दाचा अर्थ आजार वा इजेमुळे गमावलेली कार्यक्षमता शक्य तितकी परत मिळविणे असा होतो. आपत्तीनंतरच्या छावणीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. घर मिळूनही त्या घराचा उंबरठा ओलांडता येत नसेल, तर त्या व्यक्तीचे पुनर्वसन अपुरे राहते.

आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून आलेल्यांना निर्वासित म्हणतात. आपल्याच देशात घर सोडावे लागलेल्यांना अंतर्गत विस्थापित म्हटले जाते. संयुक्त राष्ट्रांची अंतर्गत विस्थापनविषयक मार्गदर्शक तत्त्वे १९९८ साली मांडली गेली आणि त्यांत नैसर्गिक आपत्तीमुळे विस्थापित झालेल्यांचाही समावेश आहे. लातूरचे भूकंपग्रस्त या दुसऱ्या गटात मोडतात. दोन्ही गटांचे कायदेशीर स्थान वेगळे असले, तरी छावणीतील उपचारांच्या अडचणी बहुतांशी सारख्याच असतात.

## पार्श्वभूमी

भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. त्याची तीव्रता सुमारे ६.२ होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून लोक घरांत झोपलेले होते. औसा तालुक्यातील किल्लारी आणि तत्कालीन उमरगा तालुक्यातील सास्तूर या गावांच्या परिसरात सर्वाधिक हानी झाली. शासकीय आकडेवारीनुसार ७,९२८ जण मृत्युमुखी पडले आणि सुमारे १६,००० जखमी झाले. काही नोंदींत मृतांची संख्या ९,७४८ अशी दिली जाते.

या भागातील पारंपरिक घरांच्या भिंती दगड व चिखलात बांधलेल्या आणि जाड होत्या. त्यांवर लाकडी तुळयांच्या आधारे मातीचे जड माळवद असे. उन्हाळ्यात थंडावा देणारी ही रचना हादऱ्याने कोसळली आणि झोपलेली माणसे दगडमातीखाली गाडली गेली. अशा ढिगाऱ्यांत हातापायांची व कमरेच्या हाडांची मोडतोड, मणक्याला व मज्जारज्जूला इजा, चेतातंतूंना इजा आणि स्नायू चिरडले जाणे या प्रकारच्या दुखापती प्रामुख्याने होतात. स्नायू दीर्घकाळ दाबले गेल्यास सुटकेनंतर मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो, तर काही वेळा जीव वाचविण्यासाठी अवयव कापून काढावा लागतो.

## रुग्णालयापासून छावणीपर्यंत

लातूर, उमरगा व सोलापूर येथील रुग्णालयांत जखमींवर उपचार झाले. त्या काळी मराठवाड्यात औरंगाबाद, अंबाजोगाई आणि नांदेड या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये होती. लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली सुरू झाले. किल्लारीपासून लातूर शहर सुमारे ४० किलोमीटरवर आहे. शस्त्रक्रियेसाठी हे अंतर एकदा पार करता येते, परंतु व्यायाम व तपासणीसाठी आठवड्यातून दोनतीनदा ते पार करणे मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते.

मोठ्या आपत्तीत रुग्णालयांना खाटा लवकर मोकळ्या कराव्या लागतात. प्लास्टर घातलेला किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेला रुग्ण त्यामुळे घरी नव्हे, तर तात्पुरत्या निवाऱ्यात परततो. भूकंपग्रस्तांसाठी पत्र्यांच्या शेडची वस्ती उभारण्यात आली आणि अनेक कुटुंबांना तेथे काही वर्षे काढावी लागली. उपचारांच्या दृष्टीने पहिले काही महिने निर्णायक असतात. या काळात हालचाल न झालेले सांधे आखडतात आणि स्नायू क्षीण होतात. मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाची कूस दर दोनतीन तासांनी न बदलल्यास शय्याव्रण होतात. मूत्रमार्गाचा संसर्ग हाही अशा रुग्णांच्या मृत्यूचे कारण ठरू शकतो.

## उपचारांचे स्वरूप

### भौतिकोपचार

छावणीत यंत्रसामग्री मर्यादित असते. म्हणून भौतिकोपचाराचा भर सांध्यांची हालचाल, श्वसनाचे व्यायाम, कुबडीने चालण्याचा सराव आणि खाटेवरून चाकाच्या खुर्चीत सरकण्याचे शिक्षण यांवर असतो. तज्ज्ञांची संख्या अपुरी असल्याने हे व्यायाम घरातील माणसांना शिकविणे ही मुख्य पद्धत ठरते. कुटुंबीयांवर भरवसा ठेवण्याचे तत्त्व भारतातील छावण्यांत पूर्वीही यशस्वी झाले होते. १९७१ साली बनगाव येथील बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेचे द्रावण पाजण्याचे काम नातेवाइकांकडे सोपविले आणि त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले.

### व्यवसायोपचार

व्यवसायोपचारात दैनंदिन कामे पुन्हा करता येण्याला महत्त्व असते. मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबात उकिडवे बसून खुरपणी करणे, धार काढणे, मांडी घालून जेवणे, चुलीपुढे बसून भाकरी थापणे आणि डोक्यावरून पाणी आणणे ही नित्याची कामे आहेत. गुडघा पूर्ण वाकत नसलेली व्यक्ती वैद्यकीय नोंदीत ‘बरी’ ठरली, तरी यांपैकी अनेक कामे तिला जमत नाहीत. म्हणून चुलीची उंची वाढविणे, लांब दांड्याची अवजारे वापरणे, शौचासाठी मध्यभागी भोक असलेली खुर्ची तयार करणे असे सोपे बदल सुचविले जातात.

### कृत्रिम अवयव व साधने

जयपूर येथे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेला ‘जयपूर फूट’ भारतीय ग्रामीण जीवनाला अनुकूल ठरला. तो घालून अनवाणी चालता येते, चिखलात उतरता येते आणि उकिडवे बसता येते. कृत्रिम पाय मात्र एकदाच देऊन काम संपत नाही. कापलेल्या भागाची सूज उतरल्यावर साचा सैल होतो आणि मुलांच्या बाबतीत वाढीनुसार तो वारंवार बदलावा लागतो. मदतीचे पथक परत गेल्यानंतर दुरुस्ती कोठे होणार, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा असतो. या भागातील काळ्या जमिनीत पावसाळ्यात कुबडी व चाकाची खुर्ची रुतते. त्यामुळे शेडपासून शौचालयापर्यंत व पाण्याच्या नळापर्यंत खडीची पायवाट असणे, हाही उपचाराचाच भाग मानला जातो.

## मानसिक आरोग्य

एकाच कुटुंबातील अनेकांचा मृत्यू, सामूहिक अंत्यसंस्कार आणि दीर्घकाळ जाणवत राहिलेले लहान धक्के यांमुळे वाचलेल्यांवर खोल परिणाम झाला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात तपासलेल्या भूकंपग्रस्तांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्तींत मानसिक विकाराची लक्षणे आढळली. त्यांत आघातोत्तर तणाव विकार आणि नैराश्य यांचे प्रमाण सर्वाधिक होते. शारीरिक उपचारांशी याचा थेट संबंध असतो. नैराश्य आलेला रुग्ण व्यायाम टाळतो आणि सतत वेदना असलेल्या रुग्णाची झोप व उमेद दोन्ही कमी होतात.

मुलांसाठी काही दीर्घकालीन प्रयत्न झाले. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा यांनी सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्ग येथे ‘आपलं घर’ हा निवासी प्रकल्प उभारला.

## पुनर्बांधणी आणि अपंग व्यक्ती

जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या महाराष्ट्र भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात १९९४ ते १९९८ या काळात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. धारण केलेल्या जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. इतर गावांतील घरांच्या दुरुस्ती व बळकटीकरणात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिलांचे गट सहभागी करून घेतले. कार्यक्रमात सामाजिक पुनर्वसनाचाही घटक होता.

नव्या गावांची आखणी सरळ व रुंद रस्त्यांची होती. अरुंद बोळांपेक्षा असे रस्ते चाकाच्या खुर्चीला सोयीचे असतात. परंतु गावांचा विस्तार जुन्या गावठाणाच्या तुलनेत मोठा झाल्याने शाळा, दुकान, देऊळ आणि शेत यांचे अंतर वाढले. जुन्या गावात भावकीची घरे भिंतीला भिंत लावून होती. आजारी व्यक्तीकडे लक्ष ठेवण्याची ती एक अनौपचारिक व्यवस्था होती. नव्या रचनेत ती विस्कळीत होण्याचा परिणाम वृद्ध व अपंग व्यक्तींना अधिक जाणवतो.

## कायदे व मानके

भूकंपाच्या वेळी देशात अपंग व्यक्तींच्या हक्कांचा स्वतंत्र सर्वसमावेशक कायदा नव्हता. असा पहिला कायदा १९९५ साली झाला. त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील कलम ८ आपत्तीच्या काळातील संरक्षणाविषयी आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवावी, त्यांना धोक्याची सूचना मिळेल अशी व्यवस्था करावी आणि आपत्तीनंतरची पुनर्बांधणी सुगम्यतेचे निकष पाळून व्हावी, अशा तरतुदी त्यात आहेत. मदतकार्याची किमान मानके सांगणारी ‘स्फिअर’ पुस्तिका २००० साली प्रसिद्ध झाली. २००१ चा भूज, २००५ चा काश्मीर आणि २०१० चा हैती येथील भूकंपांत मज्जारज्जूच्या इजा व अवयवविच्छेदन यांचा प्रश्न पुन्हा समोर आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली आपत्कालीन वैद्यकीय पथकांसाठी पुनर्वसन सेवेची किमान मानके जाहीर केली. त्यांनुसार रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या पथकात दर २० खाटांमागे किमान एक पुनर्वसनतज्ज्ञ असणे अपेक्षित आहे.

## सद्यस्थिती

१९९३ च्या तुलनेत या भागातील वैद्यकीय सुविधा वाढल्या आहेत. लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाबरोबरच भौतिकोपचाराचे शिक्षण देणारे महाविद्यालयही आहे. राज्यातील व्यवसायोपचार व भौतिकोपचार या व्यवसायांच्या नियमनासाठी २००२ चा स्वतंत्र अधिनियम आहे, तर २०२१ च्या केंद्रीय कायद्याने हे दोन्ही व्यवसाय राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणले.

भूकंपाचा धोका मात्र कायम आहे. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. तो नांदेड व परभणी जिल्ह्यांतही जाणवला. दगडमातीची जुनी घरे मराठवाड्यातील अनेक गावांत अजूनही वापरात आहेत. त्यामुळे घरांच्या बळकटीकरणाबरोबरच दिव्यांग व्यक्तींच्या अद्ययावत नोंदी, गावपातळीवर प्रशिक्षित आरोग्यसेवक आणि छावणीतील सुगम्य शौचालये ही भावी आपत्तींच्या पूर्वतयारीची आवश्यक अंगे मानली जातात.