फोटो खाली ताक पीत होता

कुणी ‘स्लो’ म्हटले की मला राग येत नाही. काउंटरच्या पलीकडून हा शब्द मी गेली वीस वर्षे ऐकतो आहे. म्हणूनच, फोटोग्राफीच्या जगात एका जातीच्या लेन्सला ‘स्लो’ म्हणून हिणवतात हे कळले तेव्हा मला तिच्याबद्दल एकदम भाऊबंदासारखा जिव्हाळा वाटला.

स्लो म्हणजे ती सावकाश चालते असे नव्हे. ती उजेड कमी आत घेते, म्हणून शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागते, इतकेच. हा हिशेब आकड्यात मांडतात आणि आकडा उलटा चालतो. २.८ च्या मानाने ५.६ ला उजेड चौथा हिस्सा! आम्हा कॉमर्सवाल्यांना हे चटकन समजते. कर्जखात्यातला आकडा वाढला की माणूस लहान होतो, तसेच.

पण हे शहाणपण नंतरचे. आधी एरिअर्सचे पैसे आले आणि मी फुलफ्रेम कॅमेऱ्यावर २.८ ची फास्ट झूम घेतली. जवळजवळ किलोभर काच! ती गळ्यात घालून आईला रायगडावर नेले. आई म्हणाली, “मी पायऱ्यांनीच येणार.” ती चढली. मी निम्म्या वाटेवर एका ताकवालीच्या झोपडीत बॅग टेकवली, “उतरताना नेतो,” म्हणून. शाळेच्या सहलीनंतर आई पन्नास वर्षांनी गडावर आली होती. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर बसली आणि शाळेतल्या मुलीसारखी हसली. आणि फोटो? फोटो खाली ताक पीत होता. मोबाईल एस्टीतच गाणी ऐकून ऐकून निजला होता.

मग मी जिद्दीने या झूमच्या कुळाचा शोध घेतला. ३५ मिलिमीटर फिल्मच्या साध्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स आली १९५९ साली, फोक्टलेंडरची ‘झूमार’. ३६ ते ८२ मिलिमीटर, आकडा २.८, वजन पाऊण किलोच्या वर, आणि तोंड एवढे की फिल्टर ९५ मिलिमीटरचा! म्हणजे मूळ पुरुषच लठ्ठ. १९६३ साली निकॉनची ४३-८६ आली, आकडा ३.५, वजन निम्म्याच्या आसपास. सरळ भिंती तिच्यातून वाकड्या दिसत. जाणकारांनी बोटे मोडली, लोकांनी धडाधड विकत घेतली.

याहून स्लो लेन्स म्हणजे मात्र अडचणच, कारण रंगीत कोडाक्रोम फिल्मच मुळात २५ आणि ६४ ची. फिल्म मंद, वर लेन्सही मंद, म्हणजे कॅशियर रजेवर आणि शिपाईही. शिवाय आरशाच्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच बघतो. लेन्स मंद असली की डोळ्यापुढेही सांजवेळ.

ही अडचण बिनआरशाच्या कॅमेऱ्याने सोडवली. सोनीने २०१३ साली फुलफ्रेमचा तसा कॅमेरा काढला. त्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढाच, ३६ बाय २४, पण अंधारात चांगलाच तरबेज; आणि डोळ्यापुढचे चित्र विजेवर उजळलेले. पुढच्याच वर्षी हाताचा कंप सावरणारा सेन्सर आला. मग मोठ्या भोकाची गरज उरली कुणाला? ७० मिलिमीटरला २.८ हवे तर भोक पंचवीस मिलिमीटरचे. ६० ला ५.६ पुरत असेल तर जेमतेम अकरा. काच घटली, वजन उतरले. २०२० साली सोनीची २८-६० आली, १६७ ग्रॅमची. त्याच साली निकॉनची २४-५०, १९५ ग्रॅमची. २०२४ ची पॅनासोनिकची १८-४० तर १५५ ग्रॅम! आमच्या पासबुकांचा गठ्ठासुद्धा याहून जड.

मी जुनी विकून २८-६० घेतली. “अहो, ही हरवली तर कळायचंसुद्धा नाही,” ही सौभाग्यवतींची शेरेबाजी. लेन्स मिटलेली असते. फोटोआधी पिळून उघडावी लागते. पहिले चार दिवस मी विसरत होतो.

यंदा पुन्हा रायगड. आईचे गुडघे बोलू लागलेत, तेव्हा रोपवेने. त्याच पायरीवर तिला बसवले आणि म्हटले, “आई, हस ना.”

“अरे, मागच्या वेळी हसले होते, तेव्हा कुठे होतास?”

फोटो आला. कोपरे जरासे मऊ आहेत. आई जराशी रागावलेली आहे.